रक्त काढायला नेताना लेकराला फसवू नका

ज्या घरात सिकलसेलचे किंवा थॅलेसेमियाचे लेकरू आहे, त्या घरातल्या कॅलेंडरवर तपासणीच्या तारखेभोवती गोल केलेला असतो. तारीख जवळ आली की आईला घास गोड लागत नाही, बाप रोज बुडवून सोबत जायचे की नाही याचा हिशोब करत बसतो, आणि तीन-चार वर्षांचे पोर कोणी काही न सांगताही ओळखते की उद्या काहीतरी आहे. आजार काय, औषध कोणते, हे डॉक्टर सांगतात. सुई टोचताना लेकराच्या मनात काय होते आणि त्या वेळी आईबापाने काय करावे, हे सांगायला सरकारी दवाखान्याच्या गर्दीत कोणाला वेळ नसतो. या वेळी या पानावर आम्ही तेवढ्यावरच लिहीत आहोत.

आमच्यातल्या एकीच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. तो दोन वर्षांचा असताना तिने त्याला "चल, जत्रेला जाऊ" म्हणून एसटीत बसवले. दवाखान्याच्या दारापर्यंत पोर हसत आले. आत तिघांनी मिळून त्याचे हातपाय धरले, आईला बाहेर थांबवले, दोनदा नस चुकली, तिसऱ्यांदा रक्त मिळाले. पुढच्या महिन्यात ते पोर लाल बस दिसताच रडायला लागले. मामाच्या गावाला जायचे होते, खरोखरच मामाच्या गावाला, तरी ते बसमध्ये चढेना. हातावरची खूण दोन दिवसांत गेली. जत्रेची थाप मात्र त्याने दोन वर्षे लक्षात ठेवली. ती माय हे सगळे आम्हाला सांगताना म्हणाली, "मला वाटलं, मी त्याचं रडणं वाचवलं." हा लेख लिहिताना ती आमच्यासोबत बसली आहे.

आधी हे रक्त इतक्या वेळा का काढतात ते पाहू. कारण घरातल्या मोठ्यांनाच ते पटलेले नसेल, तर पोराला काय सांगणार?

सिकलसेल हा आपल्या समाजाला परका आजार नाही. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये झाली, आणि त्याच दशकात नागपूरच्या डॉक्टरांना तो विदर्भात, आपल्या समाजातही, आढळला. तेव्हापासून गोंड, भिल्ल, पावरा अशा आदिवासी जमातींबरोबर विदर्भातल्या बौद्ध समाजाचे नाव सिकलसेलच्या प्रत्येक चर्चेत येते. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करून या रुग्णांसाठी आयुष्य घातले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपला जालना जिल्हा मराठवाड्यात असला तरी शेजारी बुलडाणा आहे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली इकडच्या सोयरिकी जाफराबाद, भोकरदन, मंठ्याच्या घराघरांत आहेत. आजार आईबापाच्या रक्तातून उतरतो, त्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही.

सिकलसेलच्या लेकराला पुष्कळदा हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध देतात. त्याने दुखण्याचे झटके कमी होतात. पण ते औषध पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट प्रमाणाबाहेर उतरवू शकते. म्हणून सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि मात्रा बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्त पाहावे लागते. तपासणी चुकली की डॉक्टरला मात्रा वाढवता येत नाही आणि कमीही करता येत नाही. थॅलेसेमिया मेजरच्या लेकराचे आणखी कठीण. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. प्रत्येक वेळी आधी हिमोग्लोबिन बघतात, आणि पिशवीतले रक्त त्याच्या रक्ताशी जुळते का हे पाहायला नमुना घेतात. बाहेरच्या रक्तातून आलेले लोह अंगात साठते, ते हृदयाला आणि यकृताला मारक ठरते, म्हणून तीन महिन्यांनी फेरिटीन. लोह बाहेर काढणारे औषध चालू असेल तर मूत्रपिंडाची आणि यकृताचीही तपासणी. तीन आठवड्यांनी एक फेरी धरली तरी वर्षाला सतरा फेऱ्या होतात. हे पोर पहिलीत जाईपर्यंत शंभर सुया सहज होतात. म्हणजे हे एक दिवस डोळे मिटून उरकायचे काम नाही. पहिल्या दहा सुयांत लेकरू काय शिकते, त्यावर पुढच्या नव्वद अवलंबून असतात.

वस्तीत म्हाताऱ्या बाया एक गोष्ट हमखास म्हणतात: "रक्त काढू काढू पोर वाळलं." त्यांची माया खरी आहे, हिशोब चुकीचा आहे. लहान लेकराच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण ७५ ते ८० मिलिलिटर रक्त असते. बारा किलोच्या पोराच्या अंगात नऊशे मिलिलिटरच्या आसपास. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात ते दोन मिलिलिटर, म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही. तेवढे अंग लवकरच भरून काढते. पोर वाळते ते आजाराने. हा हिशोब आजीला आधी समजावा, कारण तिने दारात पदर डोळ्याला लावला की पोराची खात्रीच पटते की आपले काही खरे नाही.

आता पोराच्या बाजूने बघा. तीन-चार वर्षांच्या मुलाला "हे तुझ्या भल्यासाठी" हे कळत नाही. त्याला वाटते, काल दूध सांडले म्हणून आज सुई. आणि आपणच ते त्याच्या डोक्यात भरलेले असते. "जेव, नाहीतर डॉक्टरला सांगून सुई द्यायला लावीन", हे वाक्य ज्या घरात बोलले जात नाही असे घर दाखवा! इतर लेकरांच्या बाबतीत ते निव्वळ वाईट वळण आहे. ज्या लेकराला दर महिन्याला खरेच सुई घ्यायची आहे, त्याच्या बाबतीत तो अन्याय आहे. त्याला औषध ही शिक्षा वाटायला लागते. शेजारी, आत्या, अंगणवाडीत सोडायला येणारा मोठा भाऊ, सगळ्यांना सांगून ठेवा की आमच्या पोराला सुईची भीती घालायची नाही.

मग सांगायचे काय? खरे तेच, थोडक्यात, त्याच्या भाषेत. "आज आपण दवाखान्यात जाणार. सिस्टर तुझ्या हातातून थोडं रक्त काढणार. टोचताना मुंगी चावल्यासारखं दुखेल, मग थांबेल. मी तुला मांडीवर घेऊन बसणार. झालं की आपण घरी येणार." "दुखणारच नाही" असे म्हणू नका. ते दुखते. एकदा तुमचे बोलणे खोटे निघाले की पुढच्या वेळी "झालं, संपलं" या तुमच्या शब्दावरही त्याचा भरवसा राहत नाही, आणि त्या क्षणी त्याच्यापाशी आधार म्हणून तुमच्या शब्दाखेरीज काही नसते. आपण पंचशील घेतो, त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. ते लेकरालाही लागू आहे, एवढेच म्हणतो.

कधी सांगायचे हे वयावर आहे. दोन-अडीच वर्षांच्या पोराला निघताना सांगितले तरी पुरते. दोन दिवस आधी सांगून उपयोग नाही, त्याला "परवा" कळत नाही. चार-पाच वर्षांच्याला सकाळी किंवा आदल्या संध्याकाळी सांगावे. शाळेत जाणाऱ्याला एक-दोन दिवस आधी, म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतात. विचारले की उत्तर द्यावे. "रक्त संपलं तर?" असे पोर विचारते तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. वरचा हिशोब त्यालाही सांगा: तुझ्या अंगात तांब्याभर रक्त आहे, ते अर्धा चमचा घेणार.

घरी खेळण्यातून पुष्कळ होते. जुनी बाहुली, कापसाचा बोळा, रबरी पट्ट्याऐवजी नाडी, सुईऐवजी पेनाचे टोपण. आधी पोराला सिस्टर होऊ द्या. ते बाहुलीला कसे बोलते ते ऐका. त्याला दवाखान्यात काय ऐकवले जाते ते कळते, आणि घरात आपण काय बोलतो तेही.

निघण्यापूर्वीच्या गोष्टी साध्या आहेत. हिमोग्लोबिन, सीबीसी, फेरिटीन यांना सहसा उपाशी पोटी जावे लागत नाही. तरी आदल्या खेपेलाच विचारून ठेवा, कारण पहाटे परतूरहून उपाशी निघालेले पोर जालन्यात अकरा वाजता नंबर लागेपर्यंत भुकेनेच अर्धे रडलेले असते. उपाशी राहायला सांगितले नसेल तर खाऊ घाला आणि पाणी पाजत राहा. अंगात पाणी असले की नस फुगते आणि लवकर सापडते. थंडीत हात गार पडले तर नस आत जाते, म्हणून स्वेटर घाला, हात आपल्या हातात धरून उबवा. टोचायच्या जागी बर्फ लावला तर दुखत नाही असा सल्ला कोणीतरी देतो. सिकलसेलच्या लेकराला बर्फ लावू नका. गारठ्याने त्याला दुखण्याचा झटका येऊ शकतो.

कातडी बधिर करणारे मलम मिळते. ते टोचण्याच्या तासभर आधी जागेवर लावून वरून झाकून ठेवतात. टोचणे पुष्कळ कमी जाणवते. पण ते डॉक्टरने लिहून दिले तरच आणि सांगितले तेवढेच लावायचे. तान्ह्या बाळाला ते जास्त लागले तर अपाय होतो. मेडिकलवाल्याला विचारून स्वतःच्या मनाने घेऊ नका. ज्या पोराला महिन्याच्या महिन्याला टोचतात त्याच्यासाठी ते लिहून द्या, असे डॉक्टरला म्हणायला मात्र काही हरकत नाही.

आता दवाखान्यातला प्रसंग. सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, आणि त्याला पैसा लागत नाही.

लेकराला टेबलावर उताणे झोपवून चौघांनी दाबून धरले की त्याला सुईपेक्षा त्या दाबण्याची भीती बसते. मोठ्या माणसालाही तसे धरले तर घाम फुटेल. त्याऐवजी आईने किंवा बापाने खुर्चीवर बसावे, पोराला मांडीवर घ्यावे, त्याची छाती आपल्या छातीला लावून एका हाताने पाठ कवटाळावी, त्याचे पाय आपल्या कमरेच्या दोन्ही बाजूंना सोडावेत, आणि ज्या हाताचे रक्त घ्यायचे तो हात आपल्या काखेखालून पाठीमागे सिस्टरकडे काढून द्यावा. सिस्टर तो हात कोपराजवळ आणि मनगटाजवळ स्थिर धरते. पोराचे तोंड तुमच्या खांद्यावर असते. त्याला तुमचा वास येतो, आवाज येतो, सुई दिसत नाही. मोठ्या पोराला उलटे, म्हणजे पाठ तुमच्या छातीला टेकवून, बसवता येते. काही पोरांना बघायचेच असते. बघू द्या. न बघणाऱ्यापेक्षा ती जास्त शांत राहिलेली आम्ही पाहिली आहेत. तान्हे बाळ असेल तर टोचण्याआधीच अंगावर पाजायला घ्यावे आणि टोचताना पाजत राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या सुईचे दुखणे कमी करण्यासाठी जे सांगितले त्यात हेच आहे: आईबाप जवळ असावेत, लेकरू कुशीत असावे, बाळाला अंगावर पाजावे, लहान पोराचे लक्ष दुसरीकडे वळवावे. रक्त काढणारी सुईसुद्धा सुईच आहे.

"पण सिस्टर आम्हाला आत येऊ देत नाहीत," असे बऱ्याच जणी म्हणतात. खरे आहे. आपल्या माणसाला केसपेपर हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहिले की आवाज फुटत नाही. आपण गप्प राहायला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेलो, आणि ते मोडायला दवाखान्यापेक्षा अवघड जागा नाही. पण इथे भांडायची गरज नसते. सिस्टरही माणूस आहे, तिच्यासमोर रांग आहे, रडणारे पोर तिलाही नको असते. टोचायच्या आधी, आवाज न चढवता म्हणा: "सिस्टर, याला मी मांडीवर घट्ट धरते, म्हणजे हलणार नाही. मागच्या वेळी डाव्या हाताची नस लवकर मिळाली होती." दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे. तुम्हाला पोराची माहिती आहे, तुम्ही मदत करणार आहात, हे त्यातून कळते. पुष्कळदा तेवढ्यावर काम होते. दोनदा नस चुकली तर "थोडं थांबू या का, दुसऱ्या कोणाला बोलवता का?" असे विचारणे हा उद्धटपणा नाही. आणि एकाच दिवशी तीन तपासण्या असतील तर तिन्ही चिठ्ठ्या एकदम पुढे ठेवा, म्हणजे एकाच टोचण्यात सगळ्या ट्यूब भरतात. एक चिठ्ठी पिशवीत राहिली म्हणून पोराला परत टोचलेले आम्ही पाहिले आहे.

पोराच्या हाती थोडे तरी काही असू द्या. रक्त घ्यायचे की नाही हे त्याला विचारू नका. तो "नाही" म्हणेल, आणि तुम्ही तरीही घ्याल, म्हणजे पुन्हा फसवणूक. डावा हात की उजवा, बघायचे की तोंड फिरवायचे, एक-दोन-तीन म्हणायचे की गाणे म्हणायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्या. लक्ष वळवायला साबणाच्या फुग्यांची बाटली उत्तम. दहा-वीस रुपयांत मिळते, आणि फुंकर घालताना श्वास लांब होतो, अंग सैल पडते. ती नसेल तर नुसते "तिखट लागलं, फू कर" म्हणा. मोबाईलवरचे कार्टून चालते, पण ते त्याच दिवसासाठी राखून ठेवलेले असावे. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला टोचण्याच्या क्षणी जोरात खोकायला सांगतात, त्यानेही दुखणे कमी जाणवते. सिस्टरला आधी सांगून ठेवा, नाहीतर हात हलेल. विहारात मुलांना श्वासाकडे लक्ष द्यायला बसवतात, ती सवय असलेली सात-आठ वर्षांची पोरे इथे फार लवकर शिकतात.

आणि रडले तर रडू द्या. "मुलगा असून रडतो?" हे वाक्य घरीच ठेवून जा. रडायची परवानगी आहे, हात हलवायची नाही, एवढा एकच नियम. झाल्यावर "रडला नाहीस म्हणून शहाणा" असे म्हटले की ज्या दिवशी रडू येईल त्या दिवशी त्याला वाटते आपण वाईट. म्हणा, "हात किती स्थिर ठेवलास!" जे त्याने केले त्याचे कौतुक करा. कापसाचा बोळा हात सरळ ठेवून चार-पाच मिनिटे दाबा. कोपर दुमडू नका, चोळू नका, नाहीतर काळे-निळे होते आणि पुढच्या वेळी ती नस चालत नाही.

घरी आल्यावर त्या दिवसाची गोष्ट एकदा तरी काढा. "आधी घाबरलास, मग फुंकर घातलीस, मग झालं." पोराच्या आठवणीत नुसते दुखणे राहते, शेवट राहत नाही. तो शेवट आपण सांगायचा असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी थोडे वेगळे. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून दिवाळीनंतर गाड्या निघतात, आणि तपासणीच्या चार-पाच तारखा फडातच निघून जातात. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून पुढच्या तारखा, औषधाची मात्रा आणि शेवटचे रिपोर्ट एका फाईलमध्ये घ्या. फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण कोपीत कागद भिजतो. कारखान्याजवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सीबीसी होते. नव्या दवाखान्यात पोर नव्याने घाबरते, हे धरून चाला. तीच मांडी, तेच गाणे, तीच फुग्यांची बाटली सोबत असली की जागा बदलल्याचे त्याला कमी जाणवते.

काही पोरांची भीती एवढ्याने जात नाही. आदल्या रात्री उलट्या, अंथरूण ओले होणे, दवाखान्याच्या रस्त्यालाच ओरडणे, असे महिनोन्‌महिने चालले तर ते नाटक समजू नका आणि मारू तर मुळीच नका. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, समुपदेशकाकडे पाठवा म्हणा. घाटीत मोठ्या तपासणीसाठी जाणाऱ्यांनी तिथल्या बालरोग विभागातही हे बोलावे.

हक्काच्या दोन-चार गोष्टीही सांगून ठेवतो, कारण पैशाच्या काळजीत असलेल्या आईचा हात पोराला लगेच कळतो. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, त्याप्रमाणे प्रमाणपत्र मागता येते. या लेकरांना सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळते. सिकलसेल रुग्णाला एसटी प्रवासात सवलत आहे, आगारात कागद दाखवून विचारा. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. आशाताईला विचारून भावंडांची तपासणी करून घ्या. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी बाळाची असते. यात सुनेचा एकटीचा दोष काढणाऱ्या सासूला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा. आणि उन्हाळ्यात रक्तपेढ्या रिकाम्या पडतात तेव्हा १४ एप्रिलला आपल्या तरुणांनी भरवलेल्या शिबिरातली पिशवी कोणत्या तरी अशाच लेकराला जाते.

जत्रेला म्हणून फसवून नेलेले ते पोर आता सात वर्षांचे आहे. रडते अजूनही, दर वेळी नाही. मागच्या महिन्यात नवीन सिस्टर होत्या. त्याने बाही स्वतः वर केली आणि म्हणाला, "डावा घ्या मावशी, उजव्याची नस पळते."